फ्लॅश मारू नका, आधी मिस्टरांचं जीमेल शोधा

प्रश्न: मुलगा सातवीत आहे. मिस्टरांनी गेल्या वर्षी त्याच्या ॲन्ड्रॉइड फोनवर फॅमिली लिंक, म्हणजे पालकांनी मुलाच्या फोनची वेळ ठरवायचं गूगलचं ॲप, लावून दिलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी एसटी स्टँडवर मिस्टरांचा फोन चोरीला गेला. त्यांच्या जीमेलचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही. इकडे मुलाचा फोन ठरलेली वेळ संपली की लॉक होतो, आणि आता तो म्हणतो स्क्रीनचा पिन बदलला होता तोही विसरलो. फोनमध्ये माझ्या सासूबाईंचे शेवटचे फोटो आहेत. गल्लीतला दुकानदार ५०० रुपयांत फ्लॅश मारून देतो म्हणतोय. देऊ का? (कसबा बावडा)

ताई, नका देऊ. फ्लॅश मारणं म्हणजे फोनमधलं सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाकणं. त्याने फोन उघडेल, पण कोरा उघडेल. सासूबाईंचे फोटो त्यातून परत निघणार नाहीत. वर पडद्यावर सूचना येईल की या फोनवर आधी असलेलं गूगल खातं टाका. म्हणजे ५०० रुपये गेले, फोटो गेले आणि तुम्ही पुन्हा मिस्टरांच्या जीमेलपाशीच येऊन उभ्या.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत अठरा वर्षं हँडसेट दुरुस्त करतोय. पूर्वी काउंटरवर यायचे ते फुटलेले फोल्डर, म्हणजे डिस्प्ले, सैल झालेली चार्जिंग पिन, २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेले फोन. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आली आणि तक्रारच बदलली. आता आठवड्याला दोन-तीन तरी आई-वडील 'पोराचा फोन उघडून द्या' म्हणून येतात. त्यातल्या बहुतेकांचं घोडं पोराच्या फोनवर अडलेलं नसतंच, ते मोठ्यांच्या खात्यावर अडलेलं असतं. तुमचंही तसंच आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे कुणी काही सांगून फसवणार नाही. तुमच्या मुलाच्या फोनला तीन वेगवेगळी कुलपं आहेत आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

एक फॅमिली लिंकचं. वेळ संपली किंवा झोपायची वेळ झाली की ते लागतं, आणि ते पालकाच्या खात्यातूनच उघडतं. दुसरं स्क्रीनच्या पिनचं. ते मुलाने ठेवलेलं, फक्त त्याच्या डोक्यात असलेलं. फॅमिली लिंकचा कोड इथे चालत नाही. तिसरं आत्ता दिसत नाही, ते फोन रीसेट केल्यावर, म्हणजे पूर्ण पुसून नव्यासारखा केल्यावर, पुढे येतं. त्याला आम्ही एफआरपी (फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन) म्हणतो. चोरलेला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून गूगलने ॲन्ड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून ते बसवलंय. दुकानदार फ्लॅश म्हणतो तेव्हा तो फक्त दुसरं कुलूप, फोटोंसकट, तोडून टाकणार असतो. पहिलं आणि तिसरं जागच्या जागी राहतं.

आता आज काय करायचं ते सांगतो.

फोन बंद करू नका आणि बॅटरी संपू देऊ नका. चार्जिंगला लावून ठेवा. मुलाने बोटाचा ठसा लावला असेल तर पिनशिवायही फोन उघडू शकतो, पण फोन एकदा बंद होऊन चालू झाला की पहिल्या वेळी पिनच लागतो, ठसा चालत नाही. ठसा चालत असतानाही ॲन्ड्रॉइड ७२ तासांतून एकदा पिन मागतंच. त्यामुळे ठशाने उघडत असेल तर वाट बघू नका. फॅमिली लिंकची वेळ चालू असेल तेव्हा उघडा आणि पहिलं काम फोटो दुसऱ्या फोनवर पाठवायचं. ठशाने उघडलं तरी जुना पिन दिल्याशिवाय नवा ठेवता येत नाही, तेव्हा त्या भानगडीत तेव्हा पडू नका.

सिमच्या ट्रेमध्ये मेमरी कार्ड आहे का तेही बघा. बऱ्याच घरांत फोनची जागा भरली म्हणून कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर टाकलेले असतात आणि कुणाच्या लक्षात नसतं. साधं कार्ड असेल तर ते काढून कार्ड रीडरमध्ये घातलं की फोटो वाचता येतात. आजींचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले असतील तर तिथूनही मागवा. तेवढे तरी हातात आलेले बरे.

आणि पिन चुकीचा टाकणं थांबवा. पाच-सहा चुकांनंतर फोन आधी काही सेकंद थांबवतो, मग ती वेळ वाढत जाते. काही हँडसेटवर ठरावीक चुका झाल्या की फोन आपोआप पुसला जाण्याची सोय असते, आणि ती चालू आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

आता मुख्य काम, मिस्टरांचं खातं.

चोरीला गेलेल्या नंबरचं सिम त्यांनी परत काढलं असेलच. नसेल तर ते आधी. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी येत नाही. हे ठाऊक नसल्याने लोक त्या दिवशी पंचवीस वेळा प्रयत्न करतात आणि खातं आणखी संशयात पाडतात. सिम घेतलं की एक दिवस शांत बसा. तेवढ्यात पोलीस तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चोरीचा हँडसेट ब्लॉक करून टाका. ही सोय देशभर २०२३ च्या मे महिन्यापासून आहे.

मग गूगलचं अकाउंट रिकव्हरी, म्हणजे पासवर्ड विसरलेलं खातं परत मिळवायचं पान, उघडायचं. इथे बहुतेक जण चुकतात. प्रयत्न कुठून होतोय आणि कोणत्या यंत्रावरून होतोय हे गूगल बघतं. तुमच्या घरच्या वायफायवरून, मिस्टर पूर्वी जीमेल उघडत असलेल्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरून केलेला प्रयत्न त्याला ओळखीचा वाटतो. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून केलेला परका वाटतो.

हे मी स्वतः चुकून शिकलोय. गडहिंग्लजचे एक गृहस्थ अशाच कामासाठी आले होते, आणि मी त्यांना चार दिवस माझ्याच काउंटरवर बसवून प्रयत्न करत राहिलो. दर वेळी तेच उत्तर: तुम्हीच आहात याची खात्री पटत नाही. शेवटी त्यांना विचारलं, याच्या आधीचा फोन कुठाय? म्हणाले, बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात पडलाय, बंद आहे. दुसऱ्या दिवशी ते तो रुमालात गुंडाळून घेऊन आले. डिस्प्लेवर वरून खाली हिरवी रेघ, पाठ उचललेली, बॅटरी फुगलेली. तसल्या बॅटरीला घरी चार्जर लावायचा नाही, ताई, कधीच नाही. मी त्याच मॉडेलची दुसरी बॅटरी घातली, वीस मिनिटं चार्ज केला, चालू केला. जीमेल अजून उघडंच होतं! त्यांना म्हटलं, आता हा फोन घेऊन घरी जा, घरच्या वायफायला जोडा आणि तिथून रिकव्हरी करा. संध्याकाळी जुन्या फोनवर 'तुम्हीच आहात का' असं विचारणारी सूचना आली, त्यांनी 'हो' दाबलं आणि नवा पासवर्ड ठेवला. काम झालं.

म्हणून तुमच्या घरातलेही खण उघडा. जुना हँडसेट, टॅब, कामावरचा कॉम्प्युटर, जिथे जिथे मिस्टरांचं खातं कधी उघडलेलं असेल ते सगळं शोधा. रिकव्हरीत आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारतात, तिथे रिकामं सोडू नका. अंदाजाने का होईना, जवळचं काहीतरी लिहा. कधी कधी गूगल काही तास किंवा दिवस थांबायला सांगतं. तेव्हा खरंच थांबायचं.

खातं हाताशी आलं की मिस्टरांच्या नव्या फोनवर फॅमिली लिंक टाका आणि त्याच खात्याने आत जा. मुलाचा फोन तिथे दिसेल. तिथून वेळेचं लॉक काढता येतं. मुलाच्या फोनला इंटरनेट नसेल तर ॲपच्या मेनूत पालकांसाठीचा एक कोड मिळतो, तो मुलाच्या लॉक झालेल्या पडद्यावर टाकायचा. हा कोड बदलत राहतो, तेव्हा कागदावर लिहून ठेवून उपयोग नाही. पहिलं कुलूप संपलं.

आता पिन. याबाबतीत मी स्पष्टच सांगतो. हल्लीच्या ॲन्ड्रॉइड फोनमधला सगळा मजकूर पिनशी बांधून सांकेतिक करून ठेवलेला असतो. पिनशिवाय डेटा शाबूत ठेवून फोन उघडून देतो असं कोल्हापुरात कुणी म्हणाला तर त्याच्याकडून ते आधी लेखी घ्या. मला ते जमत नाही, आणि ज्यांना जमतं म्हणून सांगतात त्यांच्याकडून रडत माझ्याकडे आलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण पिन बहुतेक वेळा मिळतो. तोही मुलाकडूनच. पोरं दोन कारणांनी विसरतात. काही खरंच विसरतात. त्यांना आकडे विचारायचे नाहीत, हातात तसाच दुसरा फोन द्यायचा आणि म्हणायचं, तू रोज कसा उघडायचास तसा उघड बघू, बघू नकोस, नुसता अंगठा चालव. आकडा डोक्यातून गेलेला असतो, पण अंगठ्याला वाट पाठ असते. आमच्या काउंटरवर असे निदान चार-पाच फोन उघडले असतील.

दुसरी पोरं विसरलेली नसतात. उघडलं तर आई काय बघेल याची त्यांना धास्ती असते. एक आई अशीच आली होती, मुलगी आठवीतली. पोरगी मान वर करीना. आई तिला म्हणाली, मी फक्त तुझ्या मामाच्या लग्नाचे फोटो घेणार, चॅट उघडणार नाही. पोरीने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, काका, तुम्ही घ्या फोटो, आईने नको. तिने पिन टाकला, मी फोटो घेतले, फोन तिच्याच हातात परत दिला. आईने शब्द पाळला. पुढचं त्या दोघींचं त्यांनी घरी बघितलं असेल. तुम्हीही मुलाला एकटं बसवून विचारा, आणि जे वचन द्याल ते पाळा. तुम्हाला फोटो हवेत ना, मग आज फोटोंपुरतंच बोला.

पिन नाहीच मिळाला, तर रीसेटला इलाज नाही. पण त्याच्या आधी मुलाच्या खात्यात बघा. मुलाच्या खात्याचा पासवर्ड पालकाला फॅमिली लिंकमधून नवा ठेवता येतो. लॅपटॉपवर त्या खात्याने गूगल फोटोज उघडा. बॅकअप चालू असेल तर आजींचे फोटो तिथे असतील. ते दिसले की उतरवून घ्या, मगच पुढचं. व्हॉट्सॲपचा बॅकअप असेल तर तो रीसेटनंतर त्याच नंबरने आणि त्याच खात्याने परत येतो.

आणि एक महत्त्वाचं: पासवर्ड आज बदलला आणि आजच रीसेट केलं असं करू नका. मध्ये २४ तास जाऊ द्या, नाहीतर एफआरपीच्या पडद्यावर बरोबर पासवर्ड टाकूनही फोन आत घेत नाही आणि माणूस वेडा होतो. रीसेट फाइंड हबवरून, म्हणजे हरवलेला फोन शोधायची गूगलची सोय, जिला आधी फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे, तिथून करता येतं, किंवा फोनच्या बटणांनी त्याच्या रिकव्हरी मोडमध्ये जाऊन (हे खात्याच्या रिकव्हरीपेक्षा वेगळं). रीसेटनंतर मुलाचं खातं आणि पालकाची मंजुरी दोन्ही मागितलं जाईल. तोपर्यंत तुमच्याकडे दोन्ही असेल.

एफआरपी तोडून देणारे बाजारात आहेत, नाही कशाला म्हणू. त्यासाठी फोनमध्ये कुठलं तरी भलतंच सॉफ्टवेअर मारतात आणि त्याच फोनवर नंतर घरातलं कुणीतरी बँकेचं ॲप टाकतं. मी ते काम करत नाही. बिल आणि बॉक्स असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात विचारा, खरेदीचा पुरावा बघून तिथे काही कंपन्या मदत करतात.

आता फोन पुन्हा सुरू करताना.

फॅमिली ग्रुपमध्ये तुम्हीही पालक म्हणून या. एका ग्रुपमध्ये सहा माणसं बसतात आणि दुसऱ्या व्यक्तीला पालकाचे अधिकार देता येतात. हे आधी केलं असतं तर मिस्टरांचा फोन गेल्यावर तुम्ही तुमच्या फोनवरूनच लॉक काढलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे दोन मिनिटांचं काम आहे आणि दहा घरांतल्या आठ-नऊ घरांत झालेलं नसतं. बाबा लावतात, बाबांकडेच राहतं.

मिस्टरांच्या खात्याला रिकव्हरी नंबर तुमचा द्या, तुमच्या खात्याला त्यांचा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे. ते कागदावर लिहून रेशनकार्ड आणि एलआयसीच्या कागदांच्या पिशवीत ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, फोन गेला की तेही गेले.

मुलाची जन्मतारीख खरी टाका. लवकर काम व्हावं म्हणून दुकानात १९९० टाकून देतात, मग खातं मोठ्या माणसाचं होतं आणि लहान मुलासाठीच्या सोयी तिथे लागतच नाहीत. सातवीतला म्हणजे तेरावं जवळ आलंय. तेरा पूर्ण झाल्यावर गूगलचे नियम बदलतात आणि मुलाला स्वतःच्या खात्याच्या कारभारात जास्त वाव मिळतो. त्याआधी त्याच्याशी बोलून ठेवा, वाढदिवसाच्या दिवशी भांडण नको.

पोरं कुठून निसटतात तेही सांगतो, कारण मला तीच सांगतात. ब्लॉक केलेलं ॲप ब्राउझरमध्ये उघडतात. काही फोनवर त्याच फोनमध्ये दुसरा वेगळा फोन असल्यासारखी जागा (सेकंड स्पेस) तयार करायची सोय असते, तिथे सगळं वेगळं चालवतात. आई-वडिलांचा पिन तर पाठीमागून बघून पाठ असतो, आणि दुपारी झोपलेल्या आजोबांचा अंगठा लावून फोन उघडणारा पोरगाही माझ्या माहितीत आहे. पण सगळ्यात मोठी फट म्हणजे पोराच्या फोनवर आईचंच जीमेल घातलेलं असणं. मग फॅमिली लिंक लागूच होत नाही, आणि प्ले स्टोअरवर जोडलेले पैसेही उघडे. खेळातल्या वस्तूंसाठी पैसे गेलेले बाप बघितलेत मी. प्ले स्टोअरच्या प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा आणि यूपीआय ॲपचा पिन पोराला कळू देऊ नका. फसवणुकीत पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

लपून नजर ठेवणारी ॲप्स मात्र नकोत. ती प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायला लावतात, फोनचं सगळं वाचायची परवानगी मागतात, आणि ते वाचलेलं कुठे जातं हे तुम्हाला कधीच कळत नाही. पोराला कळलं तर तो पुढचा फोन मित्राच्या घरी ठेवेल.

वेळ किती ठेवायची हे मी नाही सांगणार, तुमचं घर तुम्हाला माहीत. एवढं मात्र बघितलंय की मुलासमोर बसून ठरवलेली वेळ टिकते, रागाच्या भरात रात्री गुपचूप लावलेली टिकत नाही. पेठेतला फुटबॉलचा सामना शाहू स्टेडियमवर आहे आणि त्याला अर्धा तास जादा हवाय, तर त्या दिवसापुरता वेळ वाढवून देता येतो. द्यावा. लॉक असतानाही आलेला फोन त्याला उचलता येतो, तेव्हा क्लासला गेल्यावर संपर्क तुटेल ही भीती नको. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास सगळं गाव टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवतं, मोठ्यांसकट. मला त्यातलं 'मोठ्यांसकट' फार आवडतं. मिस्टर जेवताना रील बघत असतील तर पोराच्या फोनवर कितीही कुलपं लावा, तो दुसरी वाट शोधणारच.

कुणाकडे आयफोन असेल तर थोडक्यात: तिथे स्क्रीन टाइमचा चार आकडी कोड वेगळा आणि फोनचा पासकोड वेगळा. स्क्रीन टाइमचा कोड विसरला तर ज्या ॲपल खात्याने तो लावला त्या खात्याने तो बदलता येतो, आणि फॅमिली शेअरिंग असेल तर पालकाच्या आयफोनवरून. फोनचाच पासकोड विसरला तर पुसण्यावाचून सहसा गत्यंतर नाही, आणि पुसल्यावर ॲपल खात्याचा पासवर्ड लागतोच.

तर ताई, सिम, घरातले खण, घरचं वायफाय, या क्रमाने चला. आठवडाभर लागला तर लागू दे. जनता बझार चौकातून आत दुकान आहे, कुठेही विचारलंत तरी सांगतील. येताना मुलाचा फोन चार्ज करून, बिल, बॉक्स, घरात सापडलेले सगळे जुने हँडसेट आणि मिस्टरांचं नवं सिम घेऊन या. मुलालाही आणा. त्याच्यासाठी दुसरा एक फोन मी काउंटरवर काढून ठेवतो, अंगठा चालवून बघायला.